डब्लिनमधले पुतळे, आयरिश शिल्पकार आणि पाहुण्यांचे तेच तेच प्रश्न

दर उन्हाळ्यात आमच्याकडे डब्लिनला कोणी ना कोणी येतंच, कधी आईबाबा, कधी सासूबाई, कधी कॉलेजचा ग्रुप, आणि सगळ्यांना मी त्याच रस्त्यांवरून फिरवते आणि सगळे तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाचं लिहूनच काढलं, आता कोणी विचारलं की हेच पाठवणार. मी कलेची विद्यार्थिनी वगैरे नाही हं, आयटीत आहे, पण आठ वर्षं इथे चालून चालून हे पुतळे ओळखीचे झालेत.

नदीकाठी ते हाडकुळे लोक कोण उभे आहेत?

हा पहिला प्रश्न, ठरलेला. लिफी नदीच्या कस्टम हाउसच्या धक्क्यावर जे ब्राँझचे लोक चाललेत ते 'फॅमिन', म्हणजे दुष्काळ. शिल्पकार रोवन गिलेस्पी, जन्म १९५३, डब्लिनचाच. १९९७ साली बसवलं. १८४५ पासून इथे बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या सहा-सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यातली पहिली बोट १८४६ च्या मार्चमध्ये ह्याच धक्क्यावरून सुटली असं सांगतात, म्हणून ही माणसं इथे, बोटीकडे चाललेली.

आता बघा, ह्यांना चौथरा नाही. आपल्याकडे पुतळा म्हटला की चौथरा, रेलिंग, हार घालायला शिडी. इथे ते फुटपाथवरच उभे, तुम्ही ऑफिसला जाताना त्यांच्यामधून जाता. छातीशी गच्च धरलेली गाठोडी, एका माणसाच्या खांद्यावर आडवं टाकलेलं पोर, आणि सगळ्यात मागे एक बरगड्या दिसणारा कुत्रा.

सासूबाईंना नेलं तेव्हा मी नेहमीची टेप लावली होती, साल, नाव वगैरे, त्यांनी मला हातानेच थांबवलं. त्या बीडकडच्या, बहात्तरचा दुष्काळ त्यांनी बघितलाय, सुकडी खाल्लीय, खडी फोडायला गेलेली माणसं बघितलीत. बराच वेळ त्या खांद्यावरच्या पोराकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "हात बघ कसा लोंबतोय. जिवंत लेकराचा हात असा लोंबत नाही गं." मी शंभर वेळा तिथून गेले असेन, पण माझं लक्ष नव्हतं गेलं त्या हाताकडे.

मग ती माणसं पोचली का कुठे?

पोचली! म्हणजे शिल्पात तरी. गिलेस्पीनेच पुढचा भाग केला, कॅनडात टोरांटोला, लेकच्या काठावर आयर्लंड पार्कमध्ये, २००७ साली. १८४७ मध्ये टोरांटोची वस्ती जेमतेम वीस हजार आणि त्या एका वर्षात अडतीस हजारांवर आयरिश लोक तिथे उतरले, त्यातले अकराशेच्या वर तिथेच तापाने गेले. तिथल्या पुतळ्यांत एक जण दोन्ही हात आभाळाकडे करून उभा आहे, एक गरोदर बाई आहे, एक बावरलेला मुलगा, आणि एक बाई जमिनीवर पडलेली. धक्क्यावर निघाले त्यापेक्षा तिथे थोडेच आहेत, हे मुद्दाम. बाजूला किलकेनीचा चुनखडीचा दगड नेऊन त्यात मेलेल्यांची नावं कोरलीत. टोरांटोत मराठी लोक भरपूर आहेत, कोणी तिथे राहत असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे, बघून या.

हे ब्राँझचं काम करतात कसं, सगळं आतून भरीव असतं का?

नाही, पोकळ. पद्धत आपल्या ओळखीचीच आहे, पंचधातूची देवाची मूर्ती ओततात ना मेणावर, तीच. आधी मेणाची प्रतिमा, तिच्यावर साच्याचे थर, मग भट्टीत तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या रिकाम्या जागेत ब्राँझ ओतायचं, हजार डिग्रीच्या वर तापलेलं. मोठा पुतळा असेल तर तुकड्यातुकड्यांत ओततात आणि मग जोडून घासून पॉलिश. बहुतेक शिल्पकार हे ओतकाम फाउंड्रीला देतात, पण गिलेस्पीची खासियत अशी की तो मेणापासून ओतण्यापर्यंत सगळं स्वतःच करतो, त्याच्याच फाउंड्रीत, एकट्याने. त्याच्या आधी एडवर्ड डिलेनी होता (१९३०–२००९), तो जर्मनीत हे शिकून आला आणि साठच्या दशकात स्वतः ओतायला लागला. सेंट स्टीफन्स ग्रीनच्या कोपऱ्यावर वुल्फ टोन ह्या आयरिश क्रांतिकारकाचा पुतळा आणि त्याच्या मागे दुष्काळाचं शिल्प आहे ना, ते डिलेनीचं, १९६७ चं. तो टोन १९७१ मध्ये बॉम्बने उडवला होता, मग परत उभा केला. मागे दगडांचे उंच खांब आहेत म्हणून लोक त्याला इंग्लंडमधल्या स्टोनहेंज ह्या प्राचीन दगडी वर्तुळावरून 'टोनहेंज' म्हणतात.

दुष्काळाचीच शिल्पं जास्त का आहेत?

१९९५ ते ९७ च्या सुमारास दीडशे वर्षं झाली म्हणून एकदम बरीच आली. त्याआधी लोक ह्या विषयावर फारसं बोलायचेच नाहीत असं इथले म्हातारे सांगतात. मायो परगण्यात, मरिस्क नावाच्या गावात क्रो पॅट्रिक डोंगराच्या पायथ्याशी राष्ट्रीय स्मारक आहे, जॉन बीहन ह्याचं, जन्म १९३८, हा एरवी बैलांच्या शिल्पांसाठी फेमस. ते एक जहाज आहे. लांबून छान डोलकाठ्या, दोरखंड दिसतात, जवळ गेलं की कळतं दोरखंड नाहीतच, हाडांचे सापळे आहेत जहाजाभोवती उडणारे. त्या काळच्या बोटींना 'कॉफिन शिप', शवपेटीची जहाजं म्हणायचे, कारण बरेच लोक वाटेतच जायचे कित्येकदा. आम्ही गेलो तेव्हा पाऊस आडवा मारत होता आणि नवरा गाडीतून उतरलाच नाही, त्यामुळे त्याला अजून वाटतं की ते साधं जहाज आहे.

पण माझं सगळ्यात आवडतं दुष्काळाचं शिल्प कॉर्कजवळ मिडलटनला आहे, 'किंड्रेड स्पिरिट्स', ॲलेक्स पेंटेकचं. गरुडाची नऊ पिसं, स्टेनलेस स्टीलची, प्रत्येक जवळजवळ वीस फूट, गोल करून उभी, मधे रिकामी ओंजळ. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ ह्या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी आयर्लंडसाठी पैसे गोळा करून पाठवले, १७० डॉलर. स्वतःच्या जमिनीवरून हाकलून दिलेले लोक, सोळा-सतरा वर्षांपूर्वी त्यांचीच माणसं चालता चालता रस्त्यात मेली होती, आणि ते पैसे पाठवतात कुठे तर समुद्रापलीकडे कधी न बघितलेल्या लोकांना. आपल्याकडे दामाजीपंतांनी कोठारं उघडली ती निदान भरलेली तरी होती. २०१७ मध्ये चॉक्टॉ लोक स्वतः आले होते लोकार्पणाला. जवळ जाऊन बघा, पिसाचा एकेक केस वेगळा जोडलाय, हजारो वेल्डिंग आहेत, आणि वारा आला की... मिडलटनला वारा नसतो असं होतच नाही.

मॉली मलोन कोण आणि तिच्या पुतळ्याचा तेवढाच भाग सोन्यासारखा का चमकतो?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. मॉली म्हणजे गाण्यातली मासेवाली, हातगाडी घेऊन शिंपले विकणारी. पुतळा जीन राइनहार्ट हिचा, १९८८ चा, शहराच्या सहस्राब्दीच्या निमित्ताने बसवला, आधी ग्राफ्टन स्ट्रीटला होता, २०१४ पासून सफोक स्ट्रीटला. ब्राँझवर जो गडद थर असतो तो सारखा हात लागला की निघून जातो, आणि टुरिस्ट तिच्या छातीला हात लावून फोटो काढतात, म्हणे नशीब उघडतं! ही पद्धत काही जुनी परंपरा वगैरे नाही, अलीकडचा टुरिस्टी चाळा आहे. इथल्या मुलींनी ह्याविरुद्ध मोहीम काढली आणि २०२५ मध्ये महापालिकेने काही दिवस तिथे माणसं उभी केली, लोकांना समजावायला. तुम्ही माझ्यासोबत असाल तर हातगाडीला हात लावा, ती पण ब्राँझचीच आहे.

जीन राइनहार्ट २०२० मध्ये गेली. तिचं दुसरं काम जास्त चांगलं आहे माझ्या मते, कोव्ह बंदरावर ॲनी मूर आणि तिचे दोन भाऊ. अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांची नोंद करणारं एलिस आयलंडचं केंद्र १८९२ ला उघडलं तेव्हा सगळ्यात पहिली आत गेलेली मुलगी ही. तिचाच एक पुतळा तिकडे न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर पण आहे, राइनहार्टचाच.

ही टोपणनावं कोण ठेवतं?

सगळं शहर. हे डब्लिनकर म्हणजे आपले पुणेकरच समजा, फक्त पाट्या लावत नाहीत, यमक जुळवतात. मॉली मलोन म्हणजे 'टार्ट विथ द कार्ट', गाडीवाली चवचाल बाई. हापेनी ब्रिजजवळ जॅकी मकेना हिने दोन बायका बसवल्यात बाकावर, शॉपिंगच्या पिशव्या खाली ठेवून निवांत गप्पा मारतायत, इतक्या खऱ्या की त्यांच्याकडे बघून आपली पण पिशवी खाली ठेवावीशी वाटते, तर त्या 'हॅग्ज विथ द बॅग्ज', पिशव्यावाल्या थेरड्या. एमन ओ'डॉहर्टीने ओ'कॉनेल स्ट्रीटला कारंज्यात पहुडलेली लिफी नदी केली होती, ॲना लिव्हिया, तिचं नाव 'फ्लूझी इन द जकूझी', म्हणजे गरम पाण्याच्या टबातली छचोर बाई. तिच्या कारंज्यात लोक कचरा टाकायचे, चिप्सची पाकिटं, आणि साबणाचा फेस पण करायचे. शेवटी २००१ मध्ये उचलली आणि २०११ ला दुसऱ्या बागेत, क्रॉपीज पार्कमध्ये नेऊन ठेवली, आता तिथे शांत पडलीय बिचारी.

ओ'कॉनेल स्ट्रीटवरची ती सुई कोणा आयरिश शिल्पकाराची?

नाही. स्पायर, १२० मीटर, २००३ मध्ये पूर्ण झाली, ती लंडनच्या इयन रिची ह्या आर्किटेक्टच्या ऑफिसची. आम्ही एकदा पैसे भरून वॉकिंग टूर घेतली होती त्यात गाइडने छातीठोकपणे आयरिश म्हणून सांगितलं, आणि मी पण पुढची दोन वर्षं पाहुण्यांना तेच सांगत होते. जागा मात्र ऐतिहासिक, तिथे आधी इंग्रज आरमारप्रमुख नेल्सनचा खांब होता, १९६६ मध्ये उडवलेला.

उलट पण होतं, म्हणजे शिल्पकार जन्माने बाहेरचा आणि राहणारा, काम करणारा इथला. मेरियन स्क्वेअरमधला रंगीत दगडांचा ऑस्कर वाइल्ड, दगडावर रेलून तिरकस हसणारा, तो डॅनी ऑस्बोर्नचा, जन्माने इंग्लंडचा पण कॉर्कला राहणारा. कोट हिरव्या जेडचा, कॉलर गुलाबी दगडाची, आणि खालचा मोठा धोंडा विकलोच्या डोंगरातला. डोकं आधी पोर्सिलीनचं होतं, त्याला तडे गेले म्हणून २०१० मध्ये जेडचं बसवलं. समोरच वाइल्डचं लहानपणचं घर आहे. आणि शेरिफ स्ट्रीटला गायक ल्यूक केलीचं ते प्रचंड डोकं, तांब्याच्या तारांचे लाल केस असलेलं, ते व्हेरा क्लूट हिचं, ती मूळची जर्मन. त्यावर लोकांनी कितीदा रंग फासला, कितीदा साफ केलं. गंमत म्हणजे त्याच दिवशी, ३० जानेवारी २०१९ ला, केलीचा दुसरा पुतळा पण बसला, जॉन कॉलचा, बसून गाणारा. एकाच माणसाचे एका दिवशी दोन पुतळे, दोन गटांचं एकमत झालं नाही की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्युझियममध्ये गेलो तर पुतळेच नाहीत, फ्रॉक टांगलाय. ह्याला शिल्प म्हणायचं?

म्हणायचं. इथून पुढे जरा वेगळं जग आहे, आणि खरं तर गेल्या तीस-चाळीस वर्षांत आयरिश शिल्पकलेत जे दमदार काम झालं त्यातलं पुष्कळ बायकांनी केलंय. किलमेनमला जुन्या सैनिकी हॉस्पिटलात मॉडर्न आर्टचं म्युझियम आहे, १९९१ पासून. त्यांच्या संग्रहात ॲलिस मारचा 'बेरी ड्रेस' आहे, १९९४ चा. छोट्या मुलीचा फ्रॉक, जंगली गुलाबाच्या लाल फळांनी मढवलेला. लांबून इतका गोड दिसतो की आई म्हणाली, असा फ्रॉक तुला शिवला होता पहिल्या वाढदिवसाला. मग वाकून आतून बघितलं. फळं टाचण्यांनी टोचलीत, आणि सगळ्या टाचण्यांची टोकं आत, म्हणजे घालणारीच्या अंगाकडे. आई काही बोलली नाही, फक्त "बाई गं" म्हणाली.

ह्यातली सगळ्यात मोठी माझ्या लेखी डोरोथी क्रॉस, जन्म १९५६, कॉर्कची, आता कनेमारात समुद्राकाठी राहते. तिने नव्वदीत गायीच्या कातड्याची, आचळांसकट, शिल्पं केली. 'व्हर्जिन श्राउड' म्हणून एक आहे, लंडनच्या टेटमध्ये, वर गायीचं कातडं, डोक्यावर आचळांचा मुकुट, आणि खाली पांढरं सॅटिन, तिच्या आजीच्या लग्नाच्या पोशाखाचं. बुरखा घेतलेली येशूची आई मेरी समोर उभी आहे असं वाटतं. आपल्या लोकांना हे बघून जरा कसंतरी होतं, गाय म्हणजे आपल्याकडे गोमाता, पण थांबा आणि विचार करा, इथे पण मेरी म्हणजे आई, आणि गाय म्हणजे दूधदुभतं, अख्खा देश दुधाच्या जिवावर उभा, तिने दोन्ही एकावर एक ठेवलं एवढंच. मला ते धाडस वाटतं, नवऱ्याला वाटतं नाटक.

तिचं 'घोस्ट शिप' बघायला मिळालं नाही ह्याची मला खरीच हळहळ आहे. १९९९ साली तिने एक जुनं दीपनौकेचं जहाज घेतलं, खडकांपाशी नांगर टाकून दिवा दाखवणारी जहाजं असायची ना, ती आता बंद झाली, त्यातलं एक. त्याला अंधारात चमकणारा रंग फासला आणि डन लेरीजवळच्या खाडीत उभं केलं. रात्री त्यावर दिवा मारायचा, मग विझवायचा, की जहाज हिरवट चमकत राहणार आणि हळूहळू विझत जाणार, परत दिवा, परत चमक. काही आठवडे चाललं ते. आमच्या शेजारच्या आजी अजून सांगतात, रोज संध्याकाळी कुत्र्याला फिरवायला म्हणून जायच्या आणि कुत्रा कंटाळून बसायचा.

आणि कॅथी प्रेंडरगास्ट, जन्म १९५८, १९९५ ला व्हेनिसमध्ये, तिथल्या बिएनाले ह्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शनात, तरुण कलाकाराचं बक्षीस घेऊन आली. तिचं एक काम मुठीत मावेल एवढं आहे, लाकडी रीळ, दोऱ्याचं असतं तसं, आणि त्यावर दोऱ्याऐवजी केस गुंडाळलेत, तिच्या आईचे, तिचे आणि तिच्या मुलाचे. आजीचं गंगावन घरात ट्रंकेत ठेवलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पूर्ण ॲबस्ट्रॅक्ट काम करणारे कोण?

बरेच. थोडक्यात सांगते. कॉर्बन वॉकर, स्वतः साधारण चार फूट उंचीचा, आणि जग त्याच्या उंचीच्या मापाने मोजतो, २०११ ला व्हेनिसमध्ये आयर्लंडतर्फे स्टेनलेस स्टीलच्या १६० चौकटी एकमेकांत अडकवून ठेवल्या होत्या. ईवा रॉथशील्ड, २०१९ ला व्हेनिस. नीव्ह ओ'मॅली, २०२२ ला, दगड, काच, स्टील. डॅफ्नी वाइट ॲबस्ट्रॅक्ट नाही पण इथेच सांगते, संगमरवराच्या भुकटीत ओतलेला पाय वर करून उताणा पडलेला घोडा तिचा.

किन्सेलच्या भिंतीचं काय झालं होतं?

आयलिश ओ'कॉनेल हिने १९८८ मध्ये किन्सेल गावात लांबलचक स्टीलचं काम केलं, 'ग्रेट वॉल ऑफ किन्सेल', त्या वेळी देशातलं सगळ्यात मोठं शिल्प. कॉर्टेन स्टीलचं. हे स्टील मुद्दाम गंजू देतात, वरचा गंजाचा थरच आतल्या धातूला राखतो आणि रंग सुंदर विटकरी येतो. पण गावाला ते दिसलं गंजलेला पत्रा म्हणून. नुसती बोंबाबोंब. शेवटी त्याला रंग फासला. कोकणातल्या माणसाला, जो दर पावसाळ्याआधी खिडकीच्या गजांना ऑइलपेंट मारतो, त्याला गावकऱ्यांची बाजू लगेच पटेल, पण शिल्पाचा जीवच त्या गंजात होता हो. बाईंनी पुढे खूप काम केलं, कॉर्कच्या नॅशनल स्कल्प्चर फॅक्टरीच्या संस्थापकांत त्या आहेत, १९८९, जुन्या ट्राम डेपोत, जिथे मोठं वेल्डिंग, लाकूडकाम करायला कलाकारांना जागा मिळते.

अजून अशी भांडणं होतात का?

२०२१ चं ऐका. क्लेअर परगण्यातल्या एनिसटायमन गावासाठी एडन हार्टकडून 'पूका' करून घ्यायचं ठरलं, पूका म्हणजे इथल्या लोककथांतलं रूप बदलणारं भूत, घोड्याचं तोंड आणि माणसाचं अंग. आपल्याकडच्या चकव्याचा चुलतभाऊ. टुरिस्ट यावेत म्हणून. चित्र बाहेर आलं आणि अर्धं गाव विरोधात, चर्चमधून पण विरोध, भयानक दिसतं, अपशकुनी आहे वगैरे. मग काम थांबलं, लोकांची मतं मागवली, शेवटी तो पूका तिथे बसलाच नाही, बरेन भागात कॅरन गावच्या मायकल क्युसॅक सेंटरला गेला. आणि आता टुरिस्ट तिकडे जातात त्याला बघायला!

हायवेवर मधेच एवढी शिल्पं कुठून येतात?

सरकारी नियम आहे, रस्ता, शाळा, हॉस्पिटल असं काही सरकारी पैशाने बांधलं की खर्चाचा एक टक्क्यापर्यंत हिस्सा कलेसाठी, त्याला वरची मर्यादा आहे. त्यातून रस्त्याकडेला बरंच काही उभं राहिलं, काही सुंदर, काही असं की बघून वाटतं उरलेला माल संपवलाय. स्लायगोला जाताना बॉयलजवळ टेकडीवर चकचकीत घोडेस्वार दिसतो तो मॉरिस हॅरनचा 'गेलिक चीफटन', १९९९, तिथे १५९९ मध्ये इंग्रजांना हरवलं होतं. डेरीच्या पुलाजवळ एकमेकांकडे हात पुढे केलेले पण अजून न टेकलेले दोघं, ते पण हॅरनचंच, १९९२.

पोट कसं भरतं ह्यांचं?

कमिशन, शिकवणं, ग्रँट. 'एस्डाना' म्हणून मान्यवर कलाकारांची संस्था आहे, १९८१ पासूनची, तिच्यातल्या गरजूंना मानधन मिळतं. २०२२ पासून तर दोन हजार कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग सुरू झाला, चिठ्ठी काढून. इथली घरभाडी बघता ते किती पुरतात विचारू नका.

मुलांना घेऊन कुठे जाऊ?

ऑफली परगण्यातलं लॉख बोरा. पीट, म्हणजे इंधन म्हणून जाळतात ती दलदलीतली माती, खणून संपलेल्या दलदलीत शिल्पं ठेवलीत, मायकल बुलफिनची 'स्काय ट्रेन' म्हणजे पीट वाहून नेणारी खरी छोटी आगगाडी, आभाळाकडे निघालेली. आणि बेलफास्टला गेलात तर जॉन किंडनेसचा मोठा मासा, दहा मीटर, प्रत्येक खवला एक टाइल आणि टाइलवर शहराच्या गोष्टी, बातम्या, चित्रं. माझा मुलगा तासभर तिथून हलला नाही.

एकच दिवस आहे आणि आईचे गुडघे दुखतात. एकच शिल्प सांग.

ग्रँड कॅनॉलवर बॅगट स्ट्रीटच्या पुलाजवळ, जॉन कॉलचा पॅट्रिक कॅव्हना, १९९१. हा कवी म्हणून गेला होता की माझं थडगं-बिडगं बांधू नका, कालव्याकाठी एक बाक ठेवा, येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला. तर तो तिथे बाकावर बसलाय, हाताची घडी, पायावर पाय, टोपी बाजूला काढून ठेवलेली. त्याच्या शेजारी एका माणसाची जागा आहे. चढ नाही, पायऱ्या नाहीत, तिकीट नाही. सकाळी अकराच्या आत गेलात तर ऊन बाकावर येतं, ते असेल तर. थर्मासमध्ये चहा न्या, जवळच्या कॅफेत फार महाग आहे.